सिस्टर मून यांचे दोन फोन

रविवार, १२ नोव्हेंबर २००६. एकूण खर्च सहा हजार तीनशे पन्नास रुपये. इंटरनेट फोनचा डबा बेचाळीसशे, दोन साधे फोन मिळून अकराशे, वायर साडेतीनशे, बसवणावळ सातशे. हजर माणसं चार : ज्यांचे पैसे त्या सुलोचनाताई मून, वर्ध्यात कॉम्प्युटरचं दुकान चालवणारे बोरकर, माझी बायको मंदा आणि मी. मी तिथं असण्याचं कारण एवढंच, की मी जिनिंग फॅक्टरीत हिशेब लिहीत असे, शेजारी राहत असे, आणि काहीही विकत घेताना सुलोचनाताईंना आकडे कळणारा एक माणूस जवळ बसलेला लागे.

"भाऊ, तुमी बोलू नका, फक्त बसा. मानूस बसला की बिल आपोआप सरळ होते," असं त्या बोरकरांच्या देखतच म्हणाल्या. बसवणावळ तोपर्यंत नऊशे होती.

सुलोचनाताई हे नाव त्यांच्या घराच्या पाटीवर होतं. वस्तीत त्या सिस्टर. सेवाग्रामच्या इस्पितळात नोकरीचा सगळा काळ काढून, शेवटची काही वर्षं मेट्रन राहून त्या निवृत्त झाल्या होत्या. उंच, सडसडीत, कडक इस्त्रीची सुती साडी, आणि निवृत्तीनंतरही खांद्याजवळ पिनेनं अडकवलेलं ते उलटं घड्याळ, जे फक्त घालणाऱ्यालाच सरळ दिसतं. फोन उचलायच्या आधी त्या हात धूत. फोन वाजतोय आणि सिस्टर नळाखाली कोपरापर्यंत हात धुताहेत, हे मी कितीदा पाहिलं आहे. "चाळीस वर्सांची सवय आहे, आता फोनसाठी बदलू काय?" असं त्यांचं म्हणणं. तोवर पलीकडचा माणूस कंटाळून फोन ठेवी. मग सिस्टर म्हणत, ज्याला गरज असंल तो पुन्हा करंल.

निवृत्तीनंतर त्यांनी लग्नं जुळवायला घेतली. घरच्या बैठकीत टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध, आणि फायलींचं एक लोखंडी कपाट. पत्रिका त्या बघत नसत, आणि कुणी भीत भीत पुढे केलीच तर, "हे घरी ठेवा, मले मुलाचं हिमोग्लोबिन सांगा," म्हणत. त्यांची सगळी भाषा वॉर्डातली होती. नाव नोंदवलं की मुलगा अॅडमिट झाला. चौकशी चालू असली की ऑब्झर्वेशनवर. पसंत पडला नाही की डिस्चार्ज. त्या स्वतः एकट्या होत्या. वस्तीत नव्यानं आलेल्या एका बाईंनी एकदा सरळ विचारलं, "सिस्टर, तुमी काऊन नाई केलं लग्न?" सिस्टर पापड लाटत होत्या. लाटणं न थांबवता म्हणाल्या, "ड्युटी लागली होती." त्यापुढे कुणी विचारलं नाही.

इंटरनेट फोनची गरज त्यांच्या पोरींमुळे निर्माण झाली. पोरी म्हणजे त्यांनी वॉर्डात तयार केलेल्या नर्सेस. त्यातल्या कितीतरी परदेशात गेल्या होत्या. तिथून त्या आपल्या ओळखीची स्थळं सिस्टरांकडे पाठवत, आणि साध्या फोनचं बिल येई ते बघून मला घाम फुटे. बोरकरांनी उपाय सांगितला. घरात ब्रॉडबँड होतंच. त्याला हा डबा जोडायचा, डब्याला दोन फोन. डब्याला परदेशातला एक नंबर मिळतो. तिकडची माणसं तो स्वस्तात लावतात आणि तो वाजतो इथं, वर्ध्यात. हे कसं होतं याचं मला फार कुतूहल होतं. बोरकर सांगत, आवाजाचे बारीक तुकडे होतात, प्रत्येक तुकडा आपापल्या वाटेनं जातो आणि तिकडे पुन्हा जोडला जातो. सिस्टरांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "सगळे तुकडे पोचले की नाई हे कोन मोजते?" बोरकर वायरीचं वेटोळं सोडायला लागले.

फोन कुठे ठेवायचे हे सिस्टरांनी आधीच ठरवलं होतं. मुलाकडच्यांचा फोन बैठकीत. मुलीकडच्यांचा स्वयंपाकघरात, ओट्याच्या शेवटी.

"दोनी बैठकीतच ठेवा न, वायर वाचंल," बोरकर म्हणाले.

"मुलाकडचे बैठकीत बसून बोलतात, मुलीकडच्या आया स्वयंपाकघरात. मी कुठंही बसली तरी माह्या आवाजावरून त्यायले कळते," सिस्टर म्हणाल्या. "वायर लागंल तेवढी लागू द्या."

दोन्ही फोनांचं वाजणं वेगळं करून घेतलं. मग स्वागताचा संदेश. तो त्यांनी स्वतःच्या आवाजात भरला : जय भीम. मी सिस्टर मून. मुलाकडचे असाल तर एक दाबा, मुलीकडचे असाल तर दोन दाबा.

पहिल्या महिन्यात विचित्र प्रकार सुरू झाला. फोन येतोय हे डब्यावरच्या दिव्यावरून कळे, पण दोन्हीपैकी एकही फोन वाजत नसे. थोड्या वेळानं दिवा विझे. बोरकर दोनदा येऊन वायरी तपासून गेले. शेवटी लंडनहून सिस्टरांच्या एका पोरीचा खुलासा आला. तिचे सासरे तिच्याकडे राहायला गेले होते आणि तेच फोन लावत होते. "जय भीम, मी सिस्टर मून" असं ऐकलं की ते आदरानं म्हणत, "जय भीम, जय भीम. कशी आहे तब्येत? यंदा थंडी आहे काय तिकडं?" त्यांचं विचारून होईपर्यंत एक आणि दोन निघून गेलेले असत. मग यंत्र फोन बंद करी. आणि सासरे सुनेला म्हणत, बाई चांगली आहे, पण बोलता बोलता फोन ठेवून देते.

असे ते एकटे नव्हते. तिकडे पोराकडे गेलेले सगळेच आईबाप संदेशाला उत्तर देत होते. बोरकर म्हणाले, संदेशातून जय भीम काढून टाका, म्हणजे लोकांना यंत्र आहे हे कळेल. सिस्टर ऐकेनात. नमस्कार केल्यावर उत्तर द्यायला जागा नको काय, हा त्यांचा मुद्दा. त्यांनी संदेश पुन्हा भरला. "जय भीम. मी सिस्टर मून." मग एक चांगली मोठी शांतता. मग, "हो, मी बरी आहे. आता मुलाकडचे असाल तर एक दाबा." त्या शांततेत सासरे थंडीची चौकशी करून घेत आणि समाधानानं एक दाबत. मी पुष्कळ कार्यालयांचे संदेश ऐकले आहेत. समोरच्याला बोलायला जागा ठेवणारा हा एकच.

आता त्यांच्या कामाच्या पद्धतीकडे येतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच घडलं.

सिस्टर मुलाशी फोनवर थोडंच बोलत. आधी, आज काय जेवला आणि कोणी रांधलं. मग, पगार हातात किती येतो. मग, पितोस काय. आणि शेवटी, याच्या आधी कधी साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झालं होतं काय. उत्तर काय येतं याकडे त्यांचं अर्धंच लक्ष असे. प्रश्न संपला की त्यांची नजर खांद्याजवळच्या घड्याळाकडे जाई, नाडी मोजताना जाते तशी. उत्तर यायला किती वेळ लागला, ते त्या बघत. "जीभ खोटं बोलते, भाऊ. पन जिभेले खोटं जमवायले टाइम लागते. तेवढा धरायचा," असं त्या मला सांगत. साध्या फोनवर त्यांनी अशी डझनावारी लग्नं जुळवली होती आणि त्यातलं एकही बिनसलेलं माझ्या ऐकिवात नाही.

जानेवारीपासून सिस्टर कुरकुरायला लागल्या. बाहेरची पोरं बिघडली आहेत. सगळी थांबून बोलतात. दारूचं विचारलं की थांबतात, साक्षगंधाचं विचारलं की थांबतात. एकामागून एक पाच मुलं डिस्चार्ज झाली. पाचवा अमोल ढोके.

अमोल हिंगणीचा. तो सिंगापूरला बंदरावर क्रेनच्या दुरुस्तीचं काम करी. त्याचं स्थळ प्रतिभासाठी आलं होतं. प्रतिभा थूल ही रोहण्याच्या थूल गुरुजींची थोरली मुलगी, सेवाग्रामला प्रयोगशाळेत रक्त तपासण्याचं काम करणारी, एकोणतीस वर्षांची. सिस्टर तिला मुलीसारखं मानत, जरी तसं म्हणत नसत. धाकटीचं लग्न थोरलीसाठी अडलं होतं आणि गुरुजी दर रविवारी एसटीनं येऊन बसत. आधीची स्थळं प्रतिभानं स्वतःच नाकारली होती. अमोलशी मात्र ती एकदा सिस्टरांच्या समोर बोलली आणि बोलता बोलता हसली. काय म्हणाला विचारलं तर म्हणाली, "क्रेनवर चढल्यावर खाली पाहून घाबरतो म्हने. तरी तेच काम करून राह्यला."

नंतर सिस्टरांनी त्याला शेवटचा प्रश्न विचारला. कधी साक्षगंध झालं होतं काय? घड्याळाकडे पाहिलं. पलीकडून उत्तर आलं, नाही. सिस्टरांनी फोन ठेवला आणि प्रतिभाला सांगितलं, "हा नाई. डिस्चार्ज."

"तुमी म्हनता तर," ती म्हणाली. त्यानंतर ती सिस्टरांकडे पूर्वीसारखी येईनाशी झाली.

मार्चमधल्या एका दुपारी स्वयंपाकघरातला फोन वाजेनासा झाला. बोरकर नागपूरला होते. त्यांनी सांगितलं, बैठकीतल्या फोनवरून आतल्या फोनचा आकडा दाबून बघा. मी बैठकीत बसलो. मंदा विरजण मागायला आली होती, तिला आत उभं केलं. सिस्टर मधल्या दारात. मी आकडा दाबला, आतला फोन या वेळी वाजला, मंदानं उचलला.

"हॅलो. ऐकू येते काय?"

हे मी दारातून ऐकलं. आणि मग, बऱ्याच वेळानं, तेच मला कानातल्या फोनमधून ऐकू आलं. "हॅलो. ऐकू येते काय?"

मला गंमत वाटली. मी तिला पुन्हा बोलायला सांगितलं. पुन्हा तसंच. आधी दारातली मंदा, मग फोनमधली मंदा. सिस्टरांनी माझ्या हातातून फोन घेतला. हात न धुता. म्हणाल्या, "मंदा, तुह्यं नाव सांग." आणि घड्याळाकडे पाहत राहिल्या.

मग खुर्चीवर बसल्या.

बोरकरांना फोन केला. ते म्हणाले, त्यात काय, हा फोन इथल्या इथं जोडला जात नाही. आवाज इथून अमेरिकेतल्या कॉम्प्युटरवर जातो आणि तिथून परत येतो. बैठक आणि स्वयंपाकघर यांच्यात एक दार होतं आणि मंदाचा आवाज समुद्र ओलांडून माझ्यापर्यंत येत होता. एरवी मी यावर बोरकरांना तासभर प्रश्न विचारले असते. पण सिस्टरांचा चेहरा पाहिला आणि फोन ठेवला.

"पोरं थांबत नव्हती, भाऊ," त्या म्हणाल्या. "फोन थांबत होता."

मंदा म्हणाली, "तुमाले काय माहीत असं असते म्हून?"

"नवा थर्मामीटर आला की आधी तपासून घ्यायचा, मंग पेशंटले लावायचा. शिकाऊ पोरींले पह्यल्या दिवशी शिकवत होती मी हे. मी तपासला नाई." त्या उठल्या आणि कपाट उघडून पाच फायली काढल्या.

त्या आठवड्यात त्यांनी पाचही मुलांना फोन केले. मी समोर बसलो होतो, पण मला बिल सरळ करायला बोलावलेलं नव्हतं. कशाला बोलावलं होतं ते त्यांनी सांगितलं नाही. "माह्यी चूक झाली. फोन उशिरा पोचतो हे मले मालूम नव्हतं. तुमी खोटं बोलता असं समजून मी तुमाले काढलं," हे वाक्य त्यांनी प्रत्येकाला, लपवाछपवी न करता, तसंच सांगितलं. दोघं हसले. एकाचं लग्न ठरलं होतं. एक जण रागावला आणि त्याचं सगळं बोलणं त्यांनी उभं राहून ऐकून घेतलं.

अमोलचा फोन शेवटचा. आता त्यांनी पद्धत सुधारली होती. आधी नाव विचारलं. मग गाव, मग वडिलांचं नाव. या प्रश्नांना कुणी थांबत नाही, तेव्हा जो वेळ जातो तो फोनचा. तो त्यांनी घड्याळावर धरला. मग माफी मागितली. आणि मग म्हणाल्या, "बाळा, पुन्हा एकदा विचारते. साक्षगंध झालं होतं काय?"

त्या ऐकत राहिल्या. "नाही," असं आलं असावं, कारण सिस्टर म्हणाल्या, "नाव सांगायले तुले जेवढा टाइम लागला, त्याच्याहून हा जास्त आहे. आता मी फोन तपासून घेतला आहे."

यानंतर बराच वेळ तोच बोलत होता. मधेमधे फक्त हं म्हणत होत्या. फोन ठेवल्यावर त्यांनी मला सांगितलं ते असं. सिंगापूरला जायच्या आधी अमोल पुण्याला होता. तिथं त्याचं साक्षगंध झालं. नंतर नोकरी गेली आणि त्यानं मुलीकडच्यांना दोन महिने कळू दिलं नाही. रोज डबा घेऊन घराबाहेर पडत राहिला. त्यांना बाहेरून कळलं आणि त्यांनी मोडलं. आता कुणी विचारलं तर नाही म्हण, असं त्याच्या आईनं सांगून ठेवलं होतं.

"म्हणजे तुमचा पहिला निकाल बरोबरच होता," मी म्हणालो. मला हिशेब जुळल्यासारखा वाटला होता.

"बरोबर कसा? थर्मामीटर बिघडला होता. याले ताप होता हा योगायोग झाला." मग अमोलची फाइल पुन्हा उघडत, "आनि ताप आहे म्हून पेशंटले काढून देत नसतात, भाऊ. ताप आहे म्हूनच अॅडमिट करतात."

पण सांगायचं कुणाला, हा प्रश्न होता. गुरुजींना सांगितलं तर स्थळ संपलं. न सांगता जुळवलं तर मुलगी उद्या विचारेल, तुम्हाला माहीत होतं काय. रविवारी गुरुजी आले तेव्हा त्यांनी सेवाग्रामहून प्रतिभालाही बोलावून घेतलं आणि दोघांना समोर बसवून सगळं सांगितलं. स्वतःची चूक आधी, अमोलची नंतर.

गुरुजींनी टोपी गुडघ्यावर ठेवली. "झालं मंग. नाई म्हून कळवून टाका. जो नोकरी गेल्याचं लपवते तो काय नाई लपवनार?"

"बाबा, त्यानं सांगितलं न आता," प्रतिभा म्हणाली.

"विचारलं म्हून सांगितलं."

"तुमी विचारलं असतं तर सांगितलं असतं काय? तुमी तं विचारलंच नाई कोनाले काई. तारीख तेवढी विचारता." मग ती सिस्टरांकडे वळली. "मले बोलायचं आहे त्याच्याशी. मी एकटी."

आजवर सिस्टरांच्या घरातून मुलामुलीचं जे बोलणं होई, ते त्यांच्या समोर होई. मुलगी आतल्या फोनवर बोलत असली की त्या जवळच स्टुलावर बसत. गुरुजींनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना खात्री असावी की सिस्टर नाही म्हणतील.

सिस्टर म्हणाल्या, "आतल्या फोनवर बोल. दार लावून घे. इथून लावशील तं मिनिटाले दीड रुपया पडते, घाई करू नको."

दार लागलं. सिस्टरांनी बैठकीतल्या फोनची वायर काढली आणि फोन उचलून ओसरीत आणला. ऐकायची सोय नको म्हणून आणला, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. त्या पायरीवर बसल्या, फोन मांडीवर. गुरुजी आंब्याच्या झाडाखाली येरझाऱ्या घालत होते. आतून आवाज येत होता, पण शब्द कळत नव्हते. एकदा प्रतिभाचा आवाज चढला. सिस्टरांचा हात घड्याळाकडे गेला आणि त्यांनी घड्याळ पिनेतून काढून माझ्या हातात दिलं.

"तुमच्यापाशी ठेवा थोडा वेळ."

शेजारी राहिलो त्या सगळ्या वर्षांत ते घड्याळ मी पहिल्यांदा सरळ पाहिलं.

पुढे सिस्टर २०११ मध्ये भाच्याकडे नागपूरला राहायला गेल्या आणि तिथंच तीन वर्षांनी वारल्या. त्या नागपूरला असताना मी त्यांना दोनदा भेटलो होतो. पण त्यांचं नाव निघालं की मला त्या तशाच दिसतात, पायरीवर बसलेल्या, वायर काढलेला फोन मांडीवर, आणि आत कुणीतरी बोलत असताना मुद्दाम रस्त्याकडे बघणाऱ्या.

प्रतिभा बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते आणि ती शांत होती. वडिलांना म्हणाली, "मे महिन्यात ये म्हटलं. समोर बसून सांग सगळं. आईबापासमोर नाई, माह्यासमोर. मंग ठरवू."

"आनि तोवर धाकटीचं?"

"धाकटीचं करून टाका, बाबा. माह्यामुळं काऊन अडवता?"

अमोल मे महिन्यात आला, दोन वेळा भेटला, आणि त्या वर्षअखेर त्यांचं लग्न झालं. धाकटीचं त्याच्या आधी.

त्या दिवशी मात्र हे काही माहीत नव्हतं. प्रतिभानं पर्स उघडली आणि सिस्टरांना विचारलं, किती झाले. मी सांगितलं, घड्याळ माझ्याकडे होतं : अर्धा तास, पंचेचाळीस रुपये. गुरुजींनी घाईनं खिशात हात घातला. सिस्टरांनी त्यांना हातानं थांबवलं. मुलींकडून त्या कधी पैसे घेत नसत, लग्नानंतर वडीलच आणून देत, त्यामुळे मला वाटलं त्या राहू दे म्हणतील. त्यांनी तळहात पुढे केला. प्रतिभानं स्वतःच्या पगारातले पंचेचाळीस रुपये सिस्टर मून यांना दिले, आणि त्यांनी ते घेतले.